परमिट प्रज्ञाच्या नावावर

संगीता, अशी जवळ सरक. पुण्यात बसलीस म्हणून काय झालं, आमच्या ओट्यावर माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसलीस असं समज आणि आधी दोन बोल ऐकून घे. वडलांच्या जुन्या मोबाइलात एक फोटो सापडला, त्यात त्यांच्या डोक्याला पट्टे बांधलेत, पट्ट्यांतून वायरी निघाल्यात, तर माणसानं आधी नीट विचारावं की नाही? तू फोनवर सरळ रडायलाच लागलीस. म्हणे बाबांना डोक्याचा आजार होता आणि तुम्ही सगळ्यांनी तो माझ्यापासून लपवला. म्हणे त्या करंटानंच ते गेले का. अगं, तुझे वडील न्युमोनियानं गेले, तू स्वतः दवाखान्यात त्यांच्या उशाशी होतीस. आणि त्या फोटोत ते हसतायत, ते दिसलं नाही का तुला? आजारी माणूस डोक्याला वायरी लावून असा हसतो होय?

फोनवर मला धड सांगता आलं नाही. मी बोलायला लागले की ईट गावाला निघालेली गाडी ढोकीला जाते, हे तुला माहीत आहे. म्हणून लिहून काढते. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, पोरांच्या पाटीवर अक्षरं शिकले, तेव्हा चुका पोटात घाल. आणि एक आधीच सांगून ठेवते. शेवटी तू विचारशील, मग काकू, ते यंत्र चांगलं की वाईट? तर ते मला आजही सांगता येणार नाही. तुझ्या वडलांनाही आलं नाही.

तुळशीरामभाऊ म्हणजे बेंबळीचे वायरमन. लेकीला बाप घरातला दिसतो, आम्हाला खांबावरचा दिसायचा. कमरेला पट्टा, खिशात टेस्टर, आणि वर चढल्यावर खालच्या सगळ्या गावाला हाका. 'अक्का, तुमच्या पत्र्यावर मिरच्या लई वाळल्या, गोळा करा.' नोकरी संपली तरी टेस्टर खिशातून गेला नाही. नवीन पोरगा वायरमन म्हणून आला, तरी लाईट गेली की बाया आधी तुमच्याच फाटकाशी जायच्या.

त्यांची एक खोड होती. कुठल्याही वस्तूला हात लावायचा तर आधी उलटा. बोटांची मागची बाजू. लोखंडी फाटक असो, पाण्याची मोटर असो, नाहीतर ताटातली भाकरी असो. मी एकदा विचारलं तर म्हणाले, 'अक्का, तळहातानं धरलं आन् त्यात करंट असला, तर मूठ वळती. मग सोडतो म्हनलं तरी सुटत न्हाय. उलटा हात लावला तर मागं फेकला जातो. मानूस वाचतो.' खांबाचं ठीक आहे, पण हे सगळीकडं. आमची प्रज्ञा जन्मली तेव्हा तिच्या गालालाही उलटीच बोटं लावली. आणि तुझ्या लग्नात जावयाला भेटताना आधी त्याच्या खांद्याला उलटा हात लावला होता, आठवतं का? मी म्हटलं, 'काय भाऊ, जावयात करंट हाय का?' तर म्हणाले, 'तपासलेलं बरं.'

दुसरं म्हणजे त्यांचं परमिट. खांबावर चढायच्या आधी सबस्टेशनला कळवून लाईन बंद करून घ्यायची, त्याला ते परमिट म्हणायचे. ज्याच्या नावावर परमिट, त्यानंच खाली उतरून स्वतः ते परत द्यायचं. तोवर सबस्टेशनातला ऑपरेटर खटका वर करणार नाही, मग समोर कोणीही येऊन उभा राहो. हे मला कसं माहीत, तर हुरड्यामुळं.

झालं असं, एका थंडीत भाऊंनी परमिट घेतलं, काम केलं, खाली उतरले, आणि शेजारच्या रानात ज्वारीचा हुरडा चालला होता तिथं बसले. बसले ते बसलेच. परमिट परत द्यायचं विसरले. इकडं गिरणी बंद, बाया डबे घेऊन ओळीनं बसलेल्या, त्यांत मीही. सरपंच वैतागून सबस्टेशनला गेले. ऑपरेटर म्हणाला, 'तुळशीराम आल्याबिगर न्हाय.'

'आरं, त्यो तिकडं हुरडा खातोय. म्या सोता बघितलं.'

'तुमी बघितलं, मालक. म्या न्हाय बघितलं.'

शेवटी कोणीतरी सायकलवर जाऊन भाऊंना उठवून आणलं. मिशीत हुरडा तसाच. गिरणीवरच्या बायांनी त्यांची जी काही पूजा बांधली, ती मी इथं लिहीत नाही. ते शांतपणे ऐकत उभे राहिले आणि मग म्हणाले, 'द्या शिव्या. पर ध्यानात ठेवा. म्या इसरलो तर तुमचं पीठ ऱ्हायलं. त्यो इसरला असता तर म्या खांबावरच ऱ्हायलो असतो.'

त्या वेळी मला वाटलं, चोराच्या उलट्या बोंबा. आता वाटतं, पुढं जे झालं ते सगळं याच बोलण्यातून निघालं.

आमच्या प्रज्ञाचं तुला माहीतच आहे. जन्मायच्या वेळी मेंदूच्या एका बाजूला रक्त पोचलं नाही म्हणून डावा हात कमजोर. कोपरात वाकलेला, मूठ मिटलेली. पोरगी हुशार, पण तो हात कायम ओढणीखाली. डब्याचं झाकण गुडघ्यात धरून उघडायची. तिला एकच हौस होती, आपली वेणी आपण घालायची. एका हातानं वेणी कशी घालणार? वर्गातल्या पोरी विचारायच्या, 'आज पण आज्जीनंच घातली का गं?' आणि ही घरी येऊन गप बसायची. गप बसणं हा तिचा दुसरा स्वभाव. नको म्हणायला येतच नाही तिला. ताटात दोन घास जास्त पडले तरी खाली मान घालून खाणार, मग रात्रभर पोट धरून कण्हणार.

ती चौथीत असताना माझा मिलिंद आणि सून वैशाली तिला घेऊन सोलापूरला मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरबाईंकडं गेले. परत आले ते दोघंही गोंधळून. मिलिंद मला समजावून सांगत होता. डोक्यावर दोन ओले स्पंज ठेवायचे, त्यातून बारीकसा करंट सोडायचा, वीसेक मिनिटं. सुई नाही, चिरफाड नाही. त्याच वेळी चांगला हात झोळीत बांधून ठेवायचा आणि डाव्या हाताकडून खेळ करून घ्यायचे. दोन आठवडे रोज. मी म्हटलं, धोका काय? तर म्हणाला, 'त्या म्हणाल्या, खाज येते, कातडी लाल होते, कधी डोकं दुखतं. यापेक्षा मोठं सहसा दिसलेलं नाही. पण लहान मुलांत हे मोठ्यांइतकं करून पाहिलेलं नाही, म्हणून पूर्ण खात्री देत नाही. आणि फायदा होईलच असंही म्हणत नाही.'

'आरं, मग त्या म्हणतात तरी काय? करा म्हणतात का नको?'

'विचार करून सांगा म्हणतात.'

आता विचार कशानं करायचा, संगीता? ज्याला माहीत आहे तो माणूस म्हणतो तुम्ही ठरवा, आणि आम्हाला तर काहीच माहीत नाही. मग मिलिंदच म्हणाला, 'करंटाचं आहे, तर भाऊंना विचारू या का?' आणि खरं सांगते, आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. बेंबळीत करंट म्हटलं की तुळशीरामभाऊ, यात कोणालाच काही चुकीचं वाटलं नाही. मेंदूच्या गोष्टीला वायरमन विचारायचा, हे फक्त आम्हीच करू जाणे.

भाऊ आले. 'जयभीम अक्का' म्हणाले, ओट्यावर बसले, कपाला उलटं बोट लावून चहा घेतला. मिलिंदनं सगळं सांगितलं. ते मान हलवत होते. स्पंजाची गोष्ट आली तशी मान थांबली.

'वला स्पंज?'

'हो. मिठाच्या पाण्यात भिजवलेला.'

भाऊंनी कप खाली ठेवला. 'मीठ म्या कुठं टाकतो, ठावं हाय का मिलिंद? अर्थिंगच्या खड्ड्यात. कोळसा आन् मीठ, आन् वरनं पानी. कशापायी? करंट सरळ आत जावा म्हनून. आन् हे लेकराच्या डोक्यावर?' ते उठले. 'न्हाय. अजाबात न्हाय.' चहा तसाच ठेवून निघून गेले.

त्यांच्या कामावरच्या जोडीदाराला ओल्या खांबावरच्या करंटानं ओढून नेलं होतं, तुझ्या जन्माच्या आधी. त्या वेळी खाली भाऊच उभे होते. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत, पण गावाला माहीत होतं. त्यामुळं त्यांचं 'न्हाय' आम्हाला फार जड वाटलं. मिलिंदनं डॉक्टरबाईंना कळवूनही टाकलं, आम्ही येत नाही. प्रज्ञा तिथंच बसली होती. तिनं हात फक्त ओढणीखाली घेतला.

आमची वैशाली मात्र रडून गप्प बसणाऱ्यातली नाही. रडली, मग दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. मी मागोमाग गेले, भांडण नको म्हणून. भाऊ अंगणात आरसा टांगून दाढी करत होते, अर्धा गाल झालेला.

'मामा, एक इचारू?'

'इचार की.'

'लाईट गेल्याची खबर आली, की तुमी घरात बसून सांगता का, फ्यूज उडाला का तार तुटली?'

'घरात बसून कसं सांगनार? खांब बघाय लागतो.'

'मग सोलापूरचा खांब तुमी कवा बघितला?'

भाऊंनी वस्तरा खाली ठेवला. गालावरचा फेस वाळून गेला. वैशाली निघून आली. मला वाटलं, आता हा माणूस आमच्या घरी पाऊल ठेवत नाही. पण दिवस मावळायच्या आत आले, दोन्ही गाल गुळगुळीत, धुतलेला सदरा, खिशात टेस्टर. 'सोलापूरची गाडी कवा हाय?' एवढंच म्हणाले.

मिलिंदनं पुन्हा फोन लावला आणि आम्ही गेलो. धाराशिवहून एसटी, तुळजापूरवरून सोलापूर. मिलिंद, वैशाली, प्रज्ञा, मी आणि भाऊ. दवाखान्यात नंबर लागायला वेळ होता. मी प्रज्ञाची वेणी सारखी करत होते, तेवढ्यात समोरच्या टेबलावरची बाई ओरडली, 'अहो, माझा कॉम्प्युटर कुणी बंद केला?' बघते तर भाऊ भिंतीपाशी वाकलेले, एका हातात तिचा प्लग, दुसऱ्या हातात टेस्टर, तो भोकात घालून बघतायत. ती म्हणाली, 'हे काका कोण? कुणाचे आहेत?'

मिलिंद मान खाली घालून उभा. प्रज्ञा हळूच म्हणाली, 'आमचे वायरमन आहेत.'

'पेशंटबरोबर वायरमन आणलाय?'

भाऊ सरळ झाले. 'करंट देनार म्हनलं ना तुमी? मग कोन आनायचा, न्हावी?'

ते ऐकून डॉक्टरबाईच दारात आल्या. पन्नाशीच्या, केस आखूड, आवाज शांत. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, 'आत या काका, यंत्र दाखवते. तुमच्या टेस्टरचा उपयोग व्हायचा नाही पण, ते भिंतीला जोडलेलंच नसतं.' यंत्र म्हणजे जेवणाच्या डब्याएवढं, सेलवर चालणारं. भाऊंनी त्याला उलटा हात लावला. मग विचारलं, करंट किती? त्यांनी सांगितलं, मुलांना एक मिलिअँपियर. भाऊंनी मनात काहीतरी हिशेब केला आणि त्यांचा चेहरा बदलला. आधी ते भीतीनं ताठ होते, आता नुसतेच गोंधळले.

'एवढ्यानं तर झिरोचा बल्बबी लागायचा न्हाय.'

'बरोबर.'

'मग डॉक्टरबाई, माझं एक सांगा. एवढुसा असंल तर फायदा कसा व्हनार? आन् फायदा व्हनार असंल, तर तोटा कसा व्हनार न्हाय?'

डॉक्टरबाई हसल्या. थट्टेनं नाही, आपल्याच मनातलं कोणी बोललं की हसू येतं तसं. म्हणाल्या, 'काका, या प्रश्नावर आम्ही सगळेच अडलोय. आमचा अंदाज असा, की हा करंट मेंदूकडून काम करून घेत नाही, काम शिकायला थोडा मोकळा करतो. म्हणून त्याच वेळी हाताचा व्यायाम घ्यायचा. पण नेमकं आत काय होतं ते पूर्ण कळलेलं नाही.' आणि मग त्यांनी मिलिंदला जे सांगितलं होतं तेच पुन्हा सगळं सांगितलं. फिट येत असती, डोक्यात धातूचं काही बसवलेलं असतं, कातडीला जखम असती, तर हे लावलंच नसतं. मीठ होतं ते करंट एका ठिकाणी न साठता स्पंजभर पसरावा आणि कातडी भाजू नये म्हणून.

मग भाऊ म्हणाले, आधी माझ्या डोक्याला लावा. डॉक्टरबाईंनी त्यांनाही तेच सगळं विचारलं, फिट येते का, छातीत यंत्र बसवलंय का, आणि म्हणाल्या, थोडा वेळ लावून दाखवते. टोपी काढली, पट्टे बांधले. खटका दाबला तसे भाऊ डोळे मिटून बसले. एका डोळ्यानं हळूच बघत ते म्हणाले, 'मुंग्या.' मग दुसरा डोळा उघडला. 'अक्का, मुंग्या हायत नुसत्या. जल्मभर ज्याला भ्यालो त्यो ह्यो?' आणि हसायला लागले. तेव्हाचा हा फोटो आहे, संगीता. वैशालीनं काढलेला, त्यांच्याच मोबाइलात. तुला त्यांनी का दाखवला नाही ते मलाही माहीत नाही. आधी नाही म्हटलेल्या गोष्टीला स्वतःच डोकं दिलं, याची लाज वाटली असेल. किंवा तू अशीच घाबरशील हे ठाऊक असेल.

आता बघ, दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मला काही झालं नाही, चला, लावा पोरीला. मिलिंद तर तसं म्हणालाही. भाऊंचं हसू मात्र पट्टे काढेपर्यंतच टिकलं. म्हणाले, 'माझ्यावरनं काय कळनार? माझं डोकं वाळलेलं खोड. हिचं वलं हाय, वाढीचं.'

'खरं आहे,' डॉक्टरबाई म्हणाल्या. 'मुलांची कवटी पातळ असते, तेवढाच करंट आत जास्त पोचू शकतो. म्हणून मोठ्यांपेक्षा कमी ठेवतो. आजवर ज्या मुलांना दिला, त्यांना त्रास झाला तो किरकोळ. पण ती मुलं अजून म्हातारी झालेली नाहीत, काका. पुढचं मी पाहिलेलं नाही, तर पाहिलं असं सांगणार नाही.'

वैशालीच्या डोळ्यांत पाणी. तिला 'हो' ऐकायचं होतं. मला वाटतं, मला 'नाही' ऐकायचं होतं, म्हणजे एकदाची सुटका. दोन्ही मिळालं नाही. आणि मग भाऊंनी विचारलं, 'बंद कोन करनार?'

'म्हणजे?'

'परमिट कुनाच्या नावावर? मधीच बंद करायची वेळ आली तर कुनाच्या शब्दावर?'

'मी किंवा आमची थेरपिस्ट बंद करू. प्रज्ञा म्हणेल तेव्हा लगेच. तिला मी विचारलंय, ती हो म्हणाली.'

'ती सगळ्यालाच हो म्हनती,' भाऊ म्हणाले. 'दोन घास जास्त वाढले तरी गप खाती. तुमच्या पांढऱ्या कोटापुढं ती काय बोलनार?' मग ते प्रज्ञापुढं उकिडवे बसले. 'हे बग. खांबावरचा मानूस खालच्याला वरडून सांगत न्हाय, ऐकू येत न्हाय. त्यो हात करतो. तू हात वर केला की बंद. का केला, कशाला केला, कुनीबी इचारनार न्हाय. आधी बंद. परमिट तुझ्या नावावर. डॉक्टरबाईच्या न्हाय, बापाच्या न्हाय, माझ्याबी न्हाय. कळलं?'

प्रज्ञानं मान हलवली. डॉक्टरबाई म्हणाल्या, 'मला मान्य आहे. पण उजवा हात झोळीत असणार, काका.'

'मग डावा,' प्रज्ञा म्हणाली. त्या दिवसातला तिचा हा दुसराच शब्द असेल.

झालं, सोमवारपासून सुरू. माझ्या बहिणीकडं आम्ही बायका उतरलो, भाऊ तुझ्या आत्याकडं. आणि पहिल्याच दिवशी तमाशा. यंत्र सुरू झालं, थेरपिस्ट मुलीनं टेबलावर मणी ठेवले, प्रज्ञानं डाव्या हातानं एक मणी उचलायला हात जरा वर केला, तर दाराशी बसलेले भाऊ ओरडले, 'बंद करा.' बंद केलं. 'काय झालं?' 'काही नाही, मणी घेत होते.' पुन्हा सुरू. पुन्हा मणी, पुन्हा 'बंद करा'. असं तीनचारदा झाल्यावर ती थेरपिस्ट म्हणाली, 'काका, हात वर करणं हाच व्यायाम आहे. तुम्ही मला कामच करू देत नाही.' भाऊंना सगळं कळत होतं पण राहवत नव्हतं. खुणेचं आणि व्यायामाचं एकच रूप झालं होतं, आता फरक कसा कळणार? सगळे विचारात पडले. शेवटी ठरलं, टेबलापासून छातीपर्यंत हात गेला तर व्यायाम, खांद्याच्या वर गेला तर बंद. पण प्रज्ञाचा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. भाऊ म्हणाले, 'अंग वाकडं करून नेलास तरी चालंल.' डॉक्टरबाई म्हणाल्या, 'आणि तोंडानं बोललीस तरी चालेल गं बाई.' पण तोंडानं बोलण्यावर भाऊंचा विश्वास नव्हता, आणि प्रज्ञाचाही.

दिवस जात होते. कपाळाशी लाल डाग उठायचा, संध्याकाळपर्यंत जायचा. खाजवायची. एकदा डोकं दुखलं, दुपारभर झोपून राहिली, तर डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी सुट्टी दिली. मी रोज तिच्या डोळ्यांत बघायची, काही बदललं का, पोरगी तीच आहे का. काय शोधत होते ते माझं मलाच कळत नव्हतं. झोपेत कूस बदलली तरी मी उठून बसायची. आणि तिनं खूण काही केली नाही. वैशाली म्हणायची, त्रास नाही म्हणून करत नाही. मी म्हणायची, नेहमीसारखी सोसतेय म्हणून करत नाही. कोण बरोबर, कसं कळावं?

मग एका सकाळी, यंत्र चालू, मणी चालू, आणि प्रज्ञानं मणी खाली ठेवला. एका बाजूला पार वाकली, दात ओठांत रुतले, आणि डावा हात ओढत ओढत खांद्याच्या वर नेला. खटकन बंद. भाऊ उभे राहिले. वैशालीचा चेहरा उतरला. डॉक्टरबाईंना शेजारच्या खोलीतून बोलावलं. भाऊंनी सांगितलं होतं कुणी का विचारायचं नाही, म्हणून सगळे नुसते उभे. प्रज्ञाच इकडं तिकडं बघत म्हणाली, 'काही दुखत नाही.'

'मग गं?' वैशालीला राहवलं नाही.

'खरंच थांबतं का ते बघितलं.'

थेरपिस्ट हसली. वैशालीला हसावं का रडावं कळेना. भाऊ मात्र गंभीर. खिशातला टेस्टर काढून त्यांनी प्रज्ञाच्या पुढ्यात ठेवला. 'टेस्ट घेतली पोरीनं,' म्हणाले. 'बराबर केलं. लाईन बंद हाय असं कुनी सांगितलं म्हनून चढायचं नसतं.' ती म्हणाली, 'आता चालू करा,' आणि पुन्हा मणी उचलायला लागली. त्यानंतर भाऊ सोलापुरात थांबले नाहीत. त्याच दिवशीच्या एसटीनं बेंबळीला परत. टेस्टर तिच्याकडंच राहिला, आजही तिच्या कंपासपेटीत आहे.

दोन आठवड्यांनी हात थोडा मोकळा झाला. मूठ उघडायला लागली, डब्याचं झाकण गुडघ्याशिवाय निघायला लागलं. मी डॉक्टरबाईंना विचारलं, हे करंटानं झालं का? म्हणाल्या, 'करंटानं, का उजवा हात बांधून ठेवला म्हणून, का तिनं जीव लावला म्हणून, ते या एकट्या मुलीवरून मला सांगता येणार नाही.' भाऊंना मी हे त्यांच्या फाटकाशी सांगितलं. म्हणाले, 'अक्का, लाईट आली हे खरं. फ्यूज टाकल्यानं आली का आपसूक आली, कोन सांगनार?' मग पुन्हा, 'आन् पुढं काय झालं तर?' मी म्हटलं, मला काय ठाऊक. ते म्हणाले, 'मलाबी न्हाय.' असे आम्ही दोघं उभे.

आता शेवटचं. तू पुण्याहून थेट दवाखान्यात पोचलीस, म्हणून हे तू पाहिलेलं नाही. ज्या सकाळी भाऊंना जीपमध्ये घातलं, त्यांना धाप लागली होती, बोलवत नव्हतं. तुझी आई पुढं बसली. आम्ही गल्लीतले सगळे उभे. जीप निघाली आणि मागच्या खिडकीतून भाऊंचा हात वर गेला. आम्ही बायांनीही हात हलवले. निरोप घेतायत, दुसरं काय?

प्रज्ञा मात्र पळत सुटली. जीपच्या पत्र्यावर धडाधडा मारायला लागली. 'थांबवा. आजोबांनी हात वर केलाय.'

ड्रायव्हर खेकसला, 'ए पोरी, पेशंट हाय आत.'

'म्हणूनच थांबवा,' ती म्हणाली. ही आमची प्रज्ञा, ताटातलं नको म्हणायला न येणारी. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. तिनं खिडकीशी तोंड नेलं. 'आजोबा, बंद करायचं का?'

भाऊंनी तिच्याकडं मान वळवली. मग धापेतून म्हणाले, 'तुझा कुठं हाय?'

तिला कळलं. तिनं डावा हात वर केला. अंग वाकडं केलं नाही. खांद्याच्या वर, कानाच्या पाळीपर्यंत गेला. बोटं पुरती सरळ नव्हती, पण मूठ उघडी होती. भाऊंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि उलटी बोटं तिच्या तळहाताला टेकवली. क्षणभर. मग म्हणाले, 'सोडा गाडी.'

तेच त्यांना मी शेवटचं पाहिलं.

तेव्हापासून मी विचार करते, संगीता. त्यांना तिचा हात बघायचा होता म्हणून त्यांनी हात वर केला? का त्यांना खरंच जायचं नव्हतं, आणि तिचा हात बघून त्यांनी परमिट परत दिलं, गाडी चालू करा म्हणून? आम्ही हात हलवत बसलो, विचारलं ते फक्त त्या पोरीनं. मला कळलेलं नाही. तुला कळलं तर सांग.

प्रज्ञा आता सातवीत आहे. वेणी अजून येत नाही, पण रिबिनीचं टोक डाव्या हातात धरते आणि मी गाठ मारते. डॉक्टरबाईंकडं वर्षाला एकदा दाखवून आणतो, अजून काही वावगं नाही म्हणतात, अजून या शब्दावर जोर देऊन. तुझा फोन झाल्यावर तिनं विचारलं, ताई का रडत होती? मी म्हटलं, फोटो पाहून. तर म्हणाली, तिला बोलाव, मी हात वर करून दाखवते.

म्हणून ये. सणासुदीची वाट बघू नकोस, येत्या रविवारी ये. फोटो घेऊन ये, भाकरी मी करते. तुमचं फाटक गंजलंय, पण उघडतं. आणि तुला ठाऊक नसेल, मागं आलीस तेव्हा मी ओट्यावरून बघत होते. कडी काढायच्या आधी तूही फाटकाला उलटा हात लावतेस.